सल्ला : दहा महिने झाले, तरी नाशिक आपले वाटत नाही

वाचकाचे पत्र

"मी २६ वर्षांची आहे, मूळची परभणीची. अभियांत्रिकीचे शिक्षण आणि पहिली नोकरी पुण्यात झाली. गेल्या ऑगस्टपासून अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. पाथर्डी फाट्याजवळ आम्ही तिघी भाड्याने राहतो, पण तिघींच्या शिफ्ट वेगळ्या असल्याने फ्रिजमधले दुधाचे पातेले तेवढे सामाईक उरले आहे. काम चांगले आहे, वरिष्ठही समजूतदार आहेत. मात्र संध्याकाळी कंपनीची बस सुटली की प्रत्येक जण आपापल्या संसारात परततो आणि माझ्यापुढे झोपेपर्यंतचा वेळ पसरलेला असतो. पुण्यात माझ्यासारखे हजारो होते. इथे 'कुठल्या तुम्ही?' आणि 'लग्न झालं का?' यापुढे बोलणे सरकत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, तेव्हा मी घरी पळते. उरलेले रविवार झोपून आणि मोबाइल बघून जातात. त्यात घरमालकांनी आता सांगितले आहे, की सोसायटीला एकट्या मुली नको आहेत, जुलैमध्ये करार संपला की बघू. आई म्हणते, नोकरी सोडून घरी ये, नाहीतर स्थळे बघू दे. कंपनीचे पुण्यात कार्यालय आहे आणि बदलीचे अर्ज सप्टेंबरमध्ये मागवतात. मी अर्ज करावा का? की माझ्यातच काही कमी आहे?"

— एक वाचक, नाशिक

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवून वेगळ्या केल्याशिवाय बदलीचा विचार करण्यात अर्थ नाही. घराची तक्रार न्याय्य आहे, तिथे तुम्ही स्वतःला बदलण्याचे काही कारण नाही. एकटेपणाची तक्रारही खरी आहे, पण तिच्यातील बराच भाग तुमचा आठवडा ज्या रीतीने आखला गेला आहे त्यातून आलेला दिसतो, आणि तो तुम्हाला बदलता येईल. घराचे आधी पाहू, कारण त्याला तारीख आहे.

तुमचा करार नोंदणीकृत आहे, की मुद्रांक कागदावर टाइप करून नुसता नोटरी केलेला आहे, हे पत्रात लिहिलेले नाही. आज घरी गेल्यावर प्रथम ते तपासा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि न केल्यास शिक्षेची तरतूदही त्याच कलमात आहे. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद निघाला, तर भाडेकरू सांगतो त्या अटी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. "नोटरी करून टाकू, सगळे तसेच करतात" असे सांगणारे मालक आणि एजंट तुम्हाला पुढच्या घरीही भेटतील. त्यांना शांतपणे सांगावे, की नोंदणी आता घरबसल्या होते, अंगठ्याचे यंत्र आणि कॅमेरा घेऊन माणूस दारात येतो, दोन साक्षीदारांसह पाव-अर्ध्या तासात काम संपते आणि शहरी भागातले नोंदणी शुल्क १००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे असले, तरी तुमच्यासारख्या घराच्या भाड्यावर ते जड नसते. खर्च कोणी करायचा हे आधी ठरवून घ्या, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

आता सोसायटीचे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला आपली सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. त्याने आगाऊ कळवायचे असते, कराराची प्रत द्यायची असते आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला दिलेली असावी लागते. भाडेकरू अविवाहित आहे एवढ्यावरून त्याला नाकारण्याची तरतूद त्या उपविधींत नाही. त्यामुळे "सोसायटीला नको आहे" असे मालक म्हणतात तेव्हा त्यांना एवढेच विचारा, की हे लेखी कोणी दिले आहे का. पुष्कळदा जिन्यात उभ्या उभ्या झालेली कुजबुज वर येईपर्यंत ठराव झालेली असते. ठराव खरोखरच असेल, तर मालकांना सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते. मात्र मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. करार संपल्यावर तो पुन्हा करण्याची सक्ती मालकावर नसते आणि भांडून मिळवलेल्या घरात संध्याकाळी परतायला कोणालाच आवडत नाही.

म्हणून एकीकडे हा प्रश्न विचारत असतानाच दुसरीकडे आजपासून घर शोधायला लागा. इंदिरानगर किंवा सिडको या भागांत स्वतंत्र बंगल्याचा वरचा मजला किंवा रो-हाउस मिळाले, तर सोसायटीचा प्रश्नच उरत नाही. तिथे खालच्या मजल्यावरच्या काकूंचे लक्ष मात्र असते, हे धरून चला. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून तुम्ही कायम कर्मचारी असल्याचे पत्र घेऊन ठेवा. मालकांवर त्या पत्राचा परिणाम आपल्या शब्दापेक्षा जास्त होतो, ही गोष्ट फारशी सुखाची नसली तरी खरी आहे. आणि घर शोधत असल्याचे खात्यात सगळ्यांना सांगा. नाशिकसारख्या शहरात चांगली घरे जाहिरातीपर्यंत पोहोचण्याआधी कोणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीने गेलेली असतात. दारावर पाहुणा कधी येऊ शकतो, गेट किती वाजता बंद होते, मालक घर पाहायला येण्यापूर्वी कळवणार की नाही, हे सर्व सही करण्यापूर्वी विचारून कागदावर आणा, कारण तुम्हा तिघींचा पुढचा सगळा मनस्ताप या तीन मुद्द्यांवरूनच होणार आहे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

नाशिक लहान आहे म्हणून तुम्हाला माणसे भेटत नाहीत, असे नाही. २०११ च्या जनगणनेतच महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती आणि त्यानंतर पाथर्डी फाट्याच्या आसपास किती इमारती उभ्या राहिल्या हे तुम्ही रोज पाहता. फरक आहे तो संध्याकाळ कुठे घडते याचा. पुण्यात तुम्ही शिकायला गेलात तेव्हा वसतिगृह, कॅन्टीन, अभ्यासिका आणि तुमच्याच वयाची, घरापासून दूर आलेली माणसे आयती मिळाली होती. कोणालाही न सांगता बाहेर पडावे आणि कोणीतरी ओळखीचे भेटावे, अशी ती सोय होती. नाशिकची संध्याकाळ घरात घडते. मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध, नळाचे पाणी, शेजाऱ्यांकडची सत्यनारायणाची पूजा यांत ती संपते. अशा शहरात नुसते बाहेर पडून ओळखी होत नाहीत. त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच माणसांना पुन्हा पुन्हा दिसत राहिल्याने होतात. आपण एके दिवशी गेलो नाही तर "काल दिसला नाहीत?" असे कोणीतरी विचारावे, इतके सातत्य लागते.

या दृष्टीने तुमचे वेळापत्रक पाहा. महिन्यात ज्या दोन आठवड्यांना तुम्हाला सलग दोन दिवस मोकळे मिळतात, नेमक्या त्याच वेळी तुम्ही शुक्रवारी मध्यरात्री नाशिकरोडला देवगिरी एक्स्प्रेसची वाट पाहत उभ्या असता. रविवारी रात्री परतीचा प्रवास, पहाटेच्या अंधारात स्टेशनवरून रिक्षा, आणि सोमवारी अर्धवट झोपेत कामाला हजेरी. त्यानंतरचा रविवार तुम्ही झोपून काढता यात आळस मुळीच नाही, तो प्रवासाचा शीण आहे. परंतु दहा महिन्यांत या शहराने तुम्हाला लागोपाठ दोन रविवार क्वचितच पाहिले आहे. ट्रेकिंगचे गट, वाचनालये, गाण्याचे आणि चित्रकलेचे वर्ग, हौशी नाटकाच्या तालमी, सगळ्यांची भिस्त शनिवार-रविवारवर असते. माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना हीच आहे, की सप्टेंबरपर्यंत परभणीला महिन्यातून एकदाच जावे.

तेवढ्याने मोकळा झालेला वेळ कुठे घालवायचा, याची लांबलचक यादी मी देणार नाही. यादी पाहून माणूस चार ठिकाणी एकेकदा जातो आणि कुठेच रुळत नाही. रोजची एक आणि आठवड्याची एक, अशा दोनच जागा धरा.

रोजची जागा तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही, याचे मला नवल वाटले. पाथर्डी फाट्याला राहून पांडवलेणीचा डोंगर नजरेआड करणे अवघडच आहे. लेण्यांच्या आत जायला तिकीट लागते, पण सकाळी पायऱ्या चढणाऱ्यांना लेण्यांशी फारसे कर्तव्य नसते. पायथ्याशी दुचाकी लावायच्या, वर जायचे, श्वास स्थिरावेपर्यंत थांबायचे, खाली येऊन चहा घ्यायचा, असा कित्येकांचा रोजचा क्रम आहे. निवृत्त बँक कर्मचारी, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या गृहिणी, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली असे सगळे त्या पायऱ्यांवर दिसतात. पहिले काही दिवस कोणी बोलणार नाही. मग कोणीतरी मान हलवील. पुढे "कुठल्या तुम्ही?" हा तुम्हाला नकोसा झालेला प्रश्न येईलच. त्याला उत्तर द्या, आणि उलट त्यांनाही तोच प्रश्न विचारा. नाशिकमध्ये मालेगाव, येवला, धुळे, जळगाव इथून आलेली इतकी घरे आहेत, की तुम्हाला बाहेरची म्हणणारी व्यक्तीही एका पिढीपूर्वी बाहेरचीच निघेल. जाता जाता सांगते, त्याच डोंगरातील सतराव्या लेण्यात इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचा, म्हणजे ग्रीकाचा, दानलेख आहे. आपण उत्तरेकडचे, दत्तामित्रीचे, असे त्याने स्वतःच त्यात नोंदवले आहे. रविवारी तिकीट काढून तेवढे एकदा पाहून या.

आठवड्याची जागा तुमच्या आवडीप्रमाणे ठरेल आणि आवडीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, त्यामुळे मला अंदाजाने सांगावे लागत आहे. वाचनाची सवय असेल तर सार्वजनिक वाचनालयाचे, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या 'सावाना'चे, सभासद व्हा. १८४० पासून चालत आलेली ही संस्था आहे आणि पुस्तक बदलायला ठरावीक वारी जाणाऱ्यांचा तिथे एक न बोललेला गट असतो. गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात व्याख्याने आणि मैफली होतात, अनेकदा विनामूल्य. गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला शंभर वर्षांहून जुनी आहे, पण ती मे महिन्यात होते, म्हणजे यंदाची हुकली. चालण्याची हौस असेल तर पावसाळ्यात अंजनेरी, रामशेज, ब्रह्मगिरीकडे जाणारे गट दर रविवारी निघतात. पहिल्याच वेळी हरिहरच्या उभ्या पायऱ्यांचा नाद मात्र करू नका, पावसात आणि गर्दीत ती जागा नवख्या माणसासाठी नाही. आणि जरा धाडस असेल, तर ढोल पथकात नाव द्या. गणेशोत्सवाच्या आधी कित्येक आठवडे संध्याकाळी सराव चालतो, मुलींची संख्या मोठी असते आणि तिथे गप्पा सुचल्या नाहीत तरी चालते, हात चालला पाहिजे. ज्यांना अनोळखी माणसांशी बोलायला सुचत नाही, त्यांच्यासाठी काहीतरी मिळून करण्याची जागा नुसत्या गप्पांच्या जागेपेक्षा नेहमी सोपी पडते. तुमच्या पत्राच्या सुरावरून तुम्ही त्यांतल्या असाव्यात असे वाटते.

यासाठी दुचाकी लागेल. सिटीलिंकच्या बस उपयोगी आहेत, परंतु रात्री त्यांच्या भरवशावर गंगापूर रोडहून पाथर्डी फाट्याला परतण्याचा बेत आखू नये, आणि रिक्षावाले मीटरची गोष्ट काढू देत नाहीत. महिन्याला परभणीची एक फेरी आणि बाहेरून मागवलेली काही जेवणे वाचली, तर जुन्या स्कूटीचा हप्ता त्यातून सहज निघावा.

तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच एकटी माणसे भेटली तर तो मोठाच आनंद आहे, परंतु मैत्रीची ती अट केलीत तर या शहरात तुमचा हिशेब नेहमी तोट्यात जाईल. मध्यम शहरात एकट्या तरुण माणसाची सोबत बहुधा वयाने विजोड असते. चाळिशीतली सहकारी, तिची दहावीतली मुलगी, वरच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक, अशी. कंपनीतल्या कोणी "एकदा जेवायला या घरी" म्हटले असेल आणि तुम्ही हसून "नक्की" म्हणून विषय सोडला असेल, तर पुढच्या वेळी तिथल्या तिथे वार विचारा. संसारी माणसांचे आमंत्रण खरे असते, फक्त त्यांना कॅलेंडर पाहायला सवड नसते. लग्नाबद्दलच्या चौकशीला एक ठरलेले, गोड आणि पुरते उत्तर तयार ठेवा. "सध्या नाही, ठरले की पेढे आणीन" एवढे पुरेसे आहे. त्यापुढेही कोणी स्थळाची माहिती पाठवू लागले, तर ती न पाहता नम्रपणे परत करा, कारण एकदा "बघून सांगते" म्हटले की त्या विषयाला अंत राहत नाही.

एक बारीक गोष्ट. तुम्ही मेसचा डबा लावला असेल, तर रविवारी संध्याकाळी तो बंद असतो आणि घराबाहेर राहणाऱ्या बहुतेकांची आठवड्यातली सर्वांत वाईट वेळ नेमकी तीच असते. ती संध्याकाळ स्वयंपाकासाठी राखून ठेवा. परभणीहून येताना आईकडून येसर, म्हणजे तुमच्याकडचा आमटीचा मसाला, आणा. येसर आमटी आणि भाकरी यांसाठी घरातल्या दोघींपैकी जिला सुट्टी असेल तिला थांबवून घ्या, आणि चार-सहा आठवड्यांनी समोरच्या दारातल्या घरी वाटीभर पाठवा. नाशिककरांना तिखटाचे वावडे नाही, तरी खान्देशी आणि नाशिकच्या काळ्या मसाल्याला सरावलेल्या जिभेला येसर नवे असते, आणि "हे कसे करतात?" या प्रश्नावर बोलणे लग्नाच्या प्रश्नापेक्षा पुष्कळ लांब चालते. सोसायटीतल्या कुजबुजीवरही याचा परिणाम होतो. त्यासाठी म्हणून करू नका, पण होतो.

झोपेबद्दलही विचारायला हवे. प्रवास कमी केल्यावरही रविवारी उठावेसे न वाटणे, जेवणाची इच्छा नसणे, कामात चुका होणे असे दोन-तीन आठवडे सलग चालू राहिले, तर ते माझ्यासारख्या सदर लिहिणाऱ्याच्या आवाक्यातले नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. तिथून सुरुवात करावी आणि ते सांगतील त्याप्रमाणे डॉक्टरांना भेटावे.

आईचे दोन्ही पर्याय, घरी ये किंवा लग्न कर, हे काळजीचेच रूप आहे, पण त्या काळजीला माहितीचा आधार नाही. त्यांनी तुमचे घर फोनच्या पडद्यावर पाहिले असेल, तेही तुम्ही कंटाळलेल्या असताना. सरत्या पावसात त्यांना आठवडाभर इथे बोलवा. तपोवन एक्स्प्रेसमध्ये सकाळी परभणीला बसल्या तर दिवसाउजेडी प्रवास होऊन संध्याकाळी नाशिकरोडला उतरतील. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटी त्या स्वतःच मागतील, ते करा, परंतु एक दिवस त्यांना तुमच्या रोजच्या रस्त्याने न्या. किराणा कुठे घेता, बस कुठे थांबते, आजारी पडलात तर कोणता दवाखाना जवळ आहे, हे त्यांना दाखवा. घरमालकांशी, किंवा नव्या घराच्या काकूंशी, त्यांची ओळख करून द्या. दोन वडीलधाऱ्या बायकांनी एकमेकींचे फोन नंबर घेतले, की तुमच्यावरचा पहारा थोडा वाढेल हे खरे, पण रोज रात्रीची उलटतपासणी निम्म्याने कमी होईल. हा सौदा परवडतो की नाही ते तुम्ही ठरवा. मला परवडण्यासारखा वाटतो.

राहिली बदली. पुण्याच्या कार्यालयात जाऊन तुमचे काम पुढे सरकणार असेल, हुद्दा किंवा शिकण्याची संधी मिळणार असेल, तर एकटेपणाचा विचार बाजूला ठेवून अर्ज करा, त्यात नाशिकशी बेइमानी नाही. पण केवळ माणसांसाठी जाणार असाल, तर अर्जापूर्वी पुण्यातल्या मैत्रिणींना फोन करून त्या आता कुठे राहतात आणि एकमेकींना किती वेळा भेटतात, हे विचारा. एक हिंजवडीला, एक खराडीला, एक लग्न होऊन बेंगळुरूला, असेच चित्र बहुधा निघेल. तुम्ही आठवता ते पुणे वसतिगृहातले होते, आणि तिथे आता परत प्रवेश मिळत नाही. जून ते सप्टेंबर हे तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे काढून पाहिल्यावरही तुम्हाला जावेसे वाटले, तर अर्जात कारण कामाचेच लिहा, घरचे किंवा मनाचे नको. आणि जुलैमध्ये नव्या घराचा करार करताना, मुदतीपूर्वी घर सोडायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, ही दोन वाक्ये त्यात न विसरता घालून घ्या.